डोस लांबवू नका, मुलाला मात्र अंगणवाडीत पाठवा

चोपडा तालुक्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ओळख पटेल असा तपशील गाळून त्यांचं म्हणणं थोडक्यात देते.

"डॉक्टरताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. आठव्या महिन्यापासून त्याचं दुखणं सुरू झालं. कान वाहायचा, न्यूमोनिया व्हायचा, जुलाब थांबायचे नाहीत. जळगावच्या डॉक्टरांनी शेवटी मुंबईला पाठवलं. तिथं रक्त तपासून 'एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया' असं नाव सांगितलं. दर चार आठवड्यांनी आयव्हीआयजीचं सलाइन लावायचं, तेही जन्मभर. तीन डोस झाले. पोरगा खरंच सुधारलाय, वजन १३ किलो झालं. पण खर्च झेपत नाही. मालक म्हणतात, आता बरा आहे तर दोन महिन्यांनी लावू. सासूबाई म्हणतात, 'पोऱ्याले नजर लागनी', आणि गुळवेलीचा काढा देतात. अंगणवाडी आम्ही बंद केली आहे. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, तीस-चाळीस माणसं घरात असतात, तेव्हा त्याला माहेरी नेऊन ठेवू का? त्याला बीसीजी आणि पोलिओ दोन्ही दिलेले आहेत, त्यानं काही बिघडलं का? माझे दोन भाऊ लहानपणीच तापानं गेले, एक चौथ्या वर्षी, एक सातव्या. डॉक्टर म्हणाले, आजार आईकडून येतो. घरात आता तेच ऐकते. धाकट्या बहिणीला स्थळं येताहेत, तिकडे सांगायचं का? आणि आम्ही दुसरं मूल होऊ द्यावं का?"

ताई, आधी डोसचं बोलू. बाकीचे प्रश्न चार दिवस थांबतील, हा थांबणार नाही. हा भाग तुमच्या मालकांना वाचून दाखवा.

आपल्या रक्तात बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडी तयार करणं हे त्यांच्या वंशाचं काम. त्या हाडांच्या मगजात जन्मतात, पण पूर्ण वाढायला त्यांना बीटीके नावाचं एक प्रथिन लागतं. ते बनवणाऱ्या जनुकातच तुमच्या मुलाच्या बाबतीत दोष आहे, त्यामुळे या पेशी वाढायच्या आधीच थांबतात. त्याला आ करायला लावून घशात पाहिलंत तर टॉन्सिल जवळजवळ दिसणारच नाहीत, कारण टॉन्सिल बऱ्याच अंशी याच पेशींनी भरलेले असतात. पहिले सात-आठ महिने तो धडधाकट होता ना? ते तुमच्या अँटीबॉडींवर. पोटात असताना वारेतून तुम्ही त्याला दिलेली शिदोरी होती ती. ती संपली आणि कान वाहायला लागले.

विहिरीला झराच नसेल तर कितीही खोल खणा, पाणी लागत नाही. ती टँकरनंच भरावी लागते, आणि टँकर चुकला की तळ दिसतो. आयव्हीआयजी म्हणजे हजारो लोकांच्या रक्तातल्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या तयार अँटीबॉडी. त्या शरीरात गेल्यावर साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात. म्हणजे चार आठवड्यांनी दिलेल्यातलं चाळीस टक्क्यांच्या आसपास उरतं आणि आठ आठवड्यांनी जेमतेम सहावा हिस्सा. तुम्ही दोन महिन्यांवर डोस नेलात, तर त्यातला दुसरा महिना तुमचा मुलगा जवळजवळ उघडा असेल. आज तो बरा दिसतोय तो डोसमुळेच बरा दिसतोय. लांबवल्यावर पहिल्याच महिन्यात काही होईल असंही नाही, आणि फसगत होते ती तिथंच. "बघा, काही झालं नाही" असं म्हणता म्हणता छातीत एकामागून एक न्यूमोनिया होऊन जातात आणि फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या रुंदावतात. ते नुकसान मग कोणत्याच औषधानं भरून निघत नाही. या आजारात मोठेपणी जे हाल होतात ते बहुतेक फुप्फुसाचे, आणि त्यांची सुरुवात अशाच चुकलेल्या डोसांच्या वर्षांत झालेली असते.

डोस वजनावर ठरतो. सर्वसाधारणपणे किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम, दर तीन ते चार आठवड्यांनी. १३ किलोला हे ५ ते ८ ग्रॅम होतात. वजन वाढेल तसा डोस वाढला पाहिजे. वर्षभर तोच जुना डोस चालू राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून दर वेळी वजन करून घ्या आणि डॉक्टरांना विचारा. डोस पुरतो की नाही हे कळायला, पुढचं सलाइन लावण्याच्या अगदी आधी रक्त घेऊन आयजीजी, म्हणजे अँटीबॉडींचा मुख्य प्रकार, तपासतात. ते दर डेसिलिटर रक्तात निदान ५०० मिलिग्रॅमच्या वर हवं, बरेच तज्ज्ञ ७००-८०० च्या वर ठेवायला सांगतात. शेवटी आकड्यापेक्षा मुलगा महत्त्वाचा: आकडा चांगला असूनही तो सारखा आजारी पडत असेल तर डोस वाढवावा लागतो.

आता गुळवेल. सासूबाईंचा जीव तुटतोय म्हणून त्या काढा देतात, त्यांच्याशी भांडू नका. पण काढा बंद करा. ज्या पेशी तयारच होत नाहीत त्यांना कोणताही काढा, च्यवनप्राश किंवा 'इम्युनिटी'ची पावडर ताकद देऊ शकत नाही. शिवाय गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. साडेतीन वर्षांच्या लेकराच्या बाबतीत तो धोका कशाला घ्यायचा? सासूबाईंना दुसरं काम द्या, ज्याची खरोखर गरज आहे. डोसची तारीख लक्षात ठेवणं आणि घरातलं पाणी उकळून गार करून ठेवणं, ही जबाबदारी त्यांच्याकडे सोपवा. घरातलं वडीलधारं माणूस तारखेच्या मागे लागलं की ती सहसा चुकत नाही. नजर काढायची असेल तर खुशाल काढू द्या, फक्त तिचा धूर त्याच्या छातीत जाऊ देऊ नका. चुलीचा, बिडीचा आणि शेतात पेटवलेल्या पऱ्हाटीचा धूरही या मुलाला वाईट.

दर महिन्याला मुंबईला जाता का, हे पत्रात नाही. जात असाल तर थांबवता येईल. निदान आणि वर्षातून एक-दोन वेळची तपासणी मोठ्या केंद्रात, आणि महिन्याचं सलाइन जळगावात किंवा चोपड्यातच ज्या बालरोगतज्ज्ञांकडे मुलाला दिवसभर ठेवण्याची सोय आहे तिथं, अशी वाटणी करून घ्या. मुंबईच्या डॉक्टरांकडून डोस, सलाइनचा वेग आणि काही रिअ‍ॅक्शन आली तर काय करायचं, हे लिहून आणा. इथले बहुतेक बालरोगतज्ज्ञ आनंदानं तयार होतात. प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च वाचतो तो वेगळाच.

औषध स्वतः आणणार असाल तर आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करा. बहुतेक ब्रँड २ ते ८ अंशांत ठेवायचे असतात, खोक्यावर छापलेलं असतं ते वाचा. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर असताना ती बाटली मोटरसायकलच्या डिकीत ठेवून जळगावहून चोपड्याला आणली, तर औषध वाया गेलं असं समजा. औषधाच्या दुकानदाराला आठवडाभर आधी सांगून ठेवा, थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या ठेवा, पण बाटली बर्फाला टेकू देऊ नका, मध्ये कापड किंवा पुठ्ठा घाला. गोठलेलं औषध पुन्हा वितळवून वापरायचं नसतं. बाटली हलवायची नाही, फेस होतो. सलाइन लावायच्या आदल्या दिवसापासून पोराला पाणी भरपूर पाजा, त्यानं नंतरची डोकेदुखी कमी होते. सुरुवातीला वेग हळू ठेवायचा, थंडी वाजली किंवा अंगावर पुरळ आलं तर लगेच नर्सला सांगायचं.

आणि एक वही करा. साधी शंभर पानी चालेल. प्रत्येक डोसची तारीख, त्या दिवशीचं वजन, किती ग्रॅम, कोणता ब्रँड, बाटलीवरचा बॅच नंबर, आयजीजीचा आकडा. मधल्या दिवसांत ताप, जुलाब, कान, खोकला, कोणतं अँटिबायोटिक किती दिवस. ब्रँड बदलल्यावर रिअ‍ॅक्शन आली तर ही वहीच सांगेल. रात्री अनोळखी दवाखान्यात जावं लागलं तर डॉक्टरांच्या हातात पहिल्यांदा ती द्या. तिच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव ठळक लिहा.

पैशाचं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आयव्हीआयजी लागणारे हे आजार दुसऱ्या गटात आहेत, आणि त्यात तुमच्या मुलाच्या आजाराचं नाव उदाहरणादाखल घेतलेलं आहे. या धोरणाखाली ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईत असं केंद्र परळचं केईएम रुग्णालय आहे. तुमचं निदान दुसऱ्या रुग्णालयात झालं असलं तरी कागद घेऊन तिथं नोंद करा. तिथली समिती कागद तपासून निर्णय घेते, वेळ लागतो, पाठपुरावा करावा लागतो. मधल्या काळासाठी जिथं डोस लागतो तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. मोठ्या रुग्णालयात त्यांची वेगळी खोली असते, आणि मुख्यमंत्री सहायता निधी किंवा ट्रस्टची मदत यांचे अर्ज तेच भरून देतात. धर्मादाय रुग्णालयांना आपल्या राज्यात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड जवळ ठेवा, तलाठ्याकडे आजच अर्ज टाका. हात पसरतोय असं वाटून घेऊ नका, या तरतुदी तुमच्यासारख्या घरांसाठीच केलेल्या आहेत. एवढं करूनही एखाद्या महिन्यात पैसे जमले नाहीत, तर डोस आपल्या मनानं पुढे ढकलण्याआधी डॉक्टरांना फोन करा. काही मार्ग ते काढू शकतात, पण कळलं तरच.

डोस वेळेवर चालू असतानाही ताप येईल. तेव्हा काय करायचं हे घरातल्या सगळ्यांना पाठ असायला हवं. इतर मुलाला दोन दिवस तापाचं औषध देऊन वाट पाहिली तर चालतं, याला नाही. १०१ च्या वर ताप गेला, श्वास जोरात चालू लागला, पोरगा मलूल झाला की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रात्र असली तरी. मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून दोन दिवस देऊन बघायचं नाही. कारण अर्धवट दिलेल्या औषधानं जंतू दबतो, मरत नाही आणि तपासणीत सापडतही नाही. आधी रक्ताचं कल्चर, मग अँटिबायोटिक. आणि ते इतर मुलांपेक्षा जास्त दिवस द्यावं लागतं, तेव्हा ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका.

इथं एक गोष्ट आहे जी आपल्या तालुक्याच्या गावांत कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. ताप आला की आपल्याकडे पहिली चिठ्ठी विडालची असते. विडाल, डेंग्यूचं आयजीएम, चिकनगुनियाचं आयजीएम, या सगळ्या तपासण्या जंतू शोधत नाहीत. जंतूविरुद्ध शरीरानं केलेल्या अँटीबॉडी शोधतात. तुमचा मुलगा अँटीबॉडी करतच नाही. त्याला खरा टायफॉइड असला तरी विडाल निगेटिव्ह येऊ शकते. उलट आयव्हीआयजी नुकतंच लागलेलं असेल तर अनोळखी रक्तदात्यांच्या अँटीबॉडी त्याच्या रक्तात फिरत असतात, आणि आयजीजी शोधणारी एखादी तपासणी उगाच पॉझिटिव्ह येते. दोन्ही बाजूंनी दिशाभूल. म्हणून याच्यासाठी जंतू थेट शोधणाऱ्या तपासण्या हव्यात: रक्ताचं कल्चर, डेंग्यूला एनएस-१, गरज पडली तर पीसीआर. वहीच्या दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, "या मुलाच्या अँटीबॉडी-तपासण्यांवर विसंबू नये." डॉक्टरांना दाखवताना संकोच करू नका. हा आजार दुर्मीळ आहे, चांगल्या डॉक्टरला अशी आठवण दिलेली आवडते.

दोन खुणा आणखी. चालण्यात, बोलण्यात, ऐकू येण्यात किंवा स्वभावात हळूहळू फरक पडू लागला, तर ताप नसला तरी दाखवा. आतड्यात राहणारे काही विषाणू या मुलांच्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. आणि रोज सकाळचा ओला, कफाचा खोकला सवयीचा होऊ देऊ नका. तो लहान वयात धरला तर छातीच्या व्यायामानं आणि औषधानं आटोक्यात राहतो.

अंगणवाडी. पाठवा. तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात वाईट वाटलं ते त्याला घरात बसवल्याचं. आयजीजीचा आकडा एकदा नीट आला की हे मूल इतर मुलांत खेळू शकतं, शिकू शकतं, पुढे शाळेत आणि कॉलेजात जाऊ शकतं. अंगणवाडी सेविकेला भेटून चार गोष्टी सांगा: वर्गात कुणाला गोवर, कांजिण्या किंवा जोराचा ताप आला तर त्याच दिवशी निरोप द्या, याची पाण्याची बाटली वेगळी ठेवा, जेवणाआधी सगळ्याच मुलांचे हात साबणानं धुवा, आणि याला पोलिओचे थेंब देऊ नका. कांजिण्यांचा संपर्क आला तर घाबरू नका, आयव्हीआयजीत त्याविरुद्धच्या अँटीबॉडीही असतात, पण डॉक्टरांना कळवा. घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घेतली तर त्याच्यापर्यंत पोचणारा एक मोठा धोका कमी होतो.

पोलिओबद्दल नीट लक्ष द्या. तोंडावाटे दिले जाणारे थेंब म्हणजे जिवंत, अशक्त केलेला विषाणू. निरोगी मुलाला तो सुरक्षित आहे, आणि आपला देश २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला तो याच थेंबांच्या जोरावर, तेव्हा गावात कुणाला त्याविरुद्ध सांगू नका. पण तुमच्या मुलाच्या आतड्यात तो विषाणू महिनोन्‌महिने टिकू शकतो, आणि क्वचित लकवाही आणू शकतो. आजवर दिलेल्या थेंबांनी बहुधा काही झालेलं नाही. डॉक्टरांना वाटलं तर शौचाची तपासणी करतील. देऊन झालेल्या बीसीजीची चिंता सोडा. या आजारात टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, शाबूत असतात, त्यामुळे ती लस सहसा त्रास देत नाही. इथून पुढे मात्र त्याला थेंब नाहीत आणि घरातल्या दुसऱ्या कोणत्याही मुलाला नाहीत. त्या मुलांना आयपीव्हीचं इंजेक्शन द्या, त्यात जिवंत विषाणू नसतो. बाकीच्या लसी घरातल्या इतर मुलांना नेहमीच्या वेळापत्रकानं द्यायच्याच. पल्स पोलिओच्या रविवारी आशाताई दारात येतील, बोटावर खूण दिसली नाही की आग्रह करतील, त्यांना वर हिशेब द्यायचा असतो. त्यांच्यावर चिडू नका. डॉक्टरांचं पत्र आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात देऊन ठेवा आणि एक प्रत घरात ठेवा.

कानबाईला त्याला माहेरी पाठवू नका. रोटाचं जेवण, गाणी, चुलत्यांच्या पोरांची धमाल, हे सगळं त्याचंही आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तारीख आधीच माहीत असते, तेव्हा डोस त्याच्या आधीच्या आठवड्यात येईल असं डॉक्टरांशी बोलून जमवता येतं का ते पाहा. थोडा अलीकडे घेतला तर चालतो, पलीकडे नको. त्या दोन दिवसांत ज्याला सर्दी-ताप आहे अशा पाहुण्यानं त्याला कडेवर घ्यायचं नाही, हे सासऱ्यांच्या तोंडून सगळ्यांना सांगा, तुम्ही सांगितलंत तर सून मिरवते म्हणतील. लहान बाळ घेऊन कुणी आलं असेल आणि त्याला नुकतेच पोलिओचे थेंब दिलेले असतील, तर त्याची लंगोट बदलल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय कुणी तुमच्या मुलाला भरवायचं नाही. झोपायला त्याला तुमच्या खोलीत वेगळं घ्या. विसर्जनाला नदीवर न्या, पाण्यात उतरवू नका. पावसाळ्यातलं नदीचं, कॅनॉलचं, शेततळ्याचं पाणी त्याच्या तोंडात जाता कामा नये.

पाण्याचा मुद्दा मात्र सणापुरता नाही, रोजचा आहे. आपल्याकडे नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं, तोवर ते टाकीत, ड्रममध्ये, माठात साठवलेलं. जिआर्डियासारखा जंतू अशा पाण्यातून येतो आणि या मुलांच्या आतड्यात मुक्काम ठोकतो. जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही. पाणी खळखळून उकळा, झाकून गार करा, त्याच्यासाठी वेगळं भांडं आणि लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, कुणाचा हात आत जाऊ नये. दूध तापवूनच, गाय घरची असली तरी. खाण्याचं फार कौतुक करायची गरज नाही. भरीत-भाकरी, वरण-बट्टी, शेवभाजी, गरम आणि घरचं ते सगळं चालतं. केळी तर आपल्याकडे दारात पिकतात, स्वतःचं साल घेऊन आलेलं याच्याइतकं सोयीचं फळ नाही. उघड्यावरचा बर्फाचा गोळा, उसाचा रस, पाणीपुरी आणि कापून ठेवलेलं फळ नको.

इतर वाचकांसाठी एक सूचना, कारण हे पत्र वाचून कुणी घाबरेल आणि ज्याला खरंच तपासायला हवं तो दुर्लक्ष करेल. लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. पण वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार-पाच वेळा कान वाहणं, पोटात, हाडात किंवा कातडीखाली पुन्हा पुन्हा गळू, तोंडातली काही केल्या न हटणारी पांढरी बुरशी, शिरेतून अँटिबायोटिक दिल्याशिवाय आटोक्यात न येणारी दुखणी, बीसीजीच्या जागी किंवा काखेत वाढत जाणारी गाठ, किंवा घरात लहानपणी गेलेली मुलं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारा, "याची प्रतिकारशक्ती तपासायची का?" सुरुवातीच्या तपासण्या साध्या आहेत: हिमोग्राममधल्या लिम्फोसाइटचा आकडा, आणि आयजीजी, आयजीए, आयजीएम. वयानुसार नॉर्मल बदलतं, तेव्हा रिपोर्टवर मोठ्या माणसांचा आकडा छापलेला असला तर तो पाहून निश्चिंत होऊ नका. पुढच्या तपासण्या परळला होतात, केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीमध्ये आणि बाई जेरबाई वाडिया रुग्णालयात. असे जन्मजात आजार चारशेहून अधिक आहेत आणि प्रत्येकाची काळजी वेगळी. टी-पेशीही नसणाऱ्या 'स्किड' या प्रकारात तर पहिल्या काही महिन्यांतच मगजाचं प्रत्यारोपण करावं लागतं, तिथं दिवस मोजायचे असतात. शेजारच्या मुलाचं पथ्य आपल्या मुलाला लावू नये, ते याचसाठी.

ताई, आता तुमच्या मनातलं. दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलीकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, ती स्वतः निरोगी राहते. मुलाकडे एकच, आणि तो आईकडून येतो. तुमच्या दोन्ही भावांचं जाणं पाहता तो तुमच्या आईपासून आलेला दिसतो. कोणत्या अंड्यात कोणता एक्स जाईल हे कुणाच्याही हातात नाही. नवऱ्याचं कुळ, माहेरचं खाणं, गरोदरपणातलं वागणं, यातल्या कशाचाही संबंध नाही. नात्यातल्या लग्नामुळेही हा विशिष्ट आजार होत नाही, काही इतर प्रतिकारशक्तीचे आजार मात्र होतात. तुम्हाला बोलणाऱ्यांना एवढंच सांगा की हाच मुलगा पहिले आठ महिने जगला तो आईच्या अँटीबॉडींवर.

तुमच्या आईलाही हे समजावून सांगा. तिनं दोन मुलं गमावली आणि आयुष्यभर आपलंच काही चुकलं असं मानत आली असेल. हा आजार पहिल्यांदा ओळखला तो १९५२ मध्ये, ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकन लष्करातल्या डॉक्टरनं, आठ वर्षांच्या एका मुलात. त्याच्या रक्तात गॅमाग्लोब्युलिन नव्हतंच, ते दर महिन्याला टोचायला लागल्यावर मुलगा सावरला. जनुक सापडलं १९९३ मध्ये. पण खेड्यातल्या दवाखान्यात तापानं फणफणणारं पोर घेऊन आलेल्या बाईपर्यंत ही माहिती पोचलीच नव्हती. तिच्या हातात जे होतं ते तिनं केलं.

बहिणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आधी बहिणीला सांगा, आणि आजच. पाहुण्यांना काय सांगायचं ते नंतर. ती वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण दोष मुलांना देऊ शकणारी, असण्याची शक्यता निम्मी आहे. तुमच्या मुलाच्या जनुकाचा रिपोर्ट हातात असेल तर नेमका तोच बदल तिच्या रक्तात आहे का, एवढंच पाहायचं असतं. नसेल तर विषय तिथंच संपला. असेल तर साखरपुड्याआधी तिनं स्वतः होणाऱ्या नवऱ्याला सांगावं, रिपोर्ट समोर ठेवून, त्यालाही डॉक्टरांशी बोलू द्यावं. मध्यस्थांमार्फत नको, सगळ्या भाऊबंदांत नको. त्यामुळे एखादं स्थळ जाईल, हे मी नाकारत नाही. पण लपवलं तर तिचं पहिलं बाळही आठव्या महिन्यात आजारी पडू शकेल आणि सासरच्या दवाखान्यात कुणाला काही सुचणार नाही. तुमच्या आईच्या वाट्याला आलेलं तिच्या वाट्याला येऊ नये. सांगायचं की नाही हा शेवटचा निर्णय मात्र तिचा, तिच्या वतीनं तुम्ही किंवा वडिलांनी घ्यायचा नाही.

दुसऱ्या मुलाचा विचार करताना आधी तुमची स्वतःची जनुक तपासणी करून घ्या. तुम्ही वाहक असाल तर मुलगा झाल्यास त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाल्यास ती वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक गरोदरपणात हाच हिशेब नव्यानं. गरोदरपणाच्या साधारण तिसऱ्या महिन्यात वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारासाठी अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायद्यानं करता येते. पण तिची तयारी दिवस राहण्याआधी हवी, मुलाचा रिपोर्ट घेऊन जनुक समुपदेशकाला भेटून. तपासणी करायची नाही असं ठरवलंत तरी ते तुमचं स्वातंत्र्य आहे, त्यात गैर काही नाही. मग एवढं करा: बाळंतपणाच्या फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून लिहून घ्या की मुलगा झाला तर नाळेतल्या रक्तात बी-पेशी तपासायच्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाळाला बीसीजी आणि पोलिओचे थेंब द्यायचे नाहीत. जन्मानंतर लगेचच या लसी द्यायची पद्धत आहे, रात्रपाळीच्या नर्सला तुमचा इतिहास माहीत नसतो, तेव्हा सोबत राहणाऱ्या माणसालाही हे सांगून ठेवा. आजार असलाच, तर त्या बाळाचा पहिला डोस त्याच्या अंगातल्या तुमच्या अँटीबॉडी संपायच्या आत सुरू करता येईल.